आंबवण, मुक्काम पोस्ट पुनावळे

मी, श्रीमती चित्रा सदाशिव बिराजदार, वय पासष्ट, व्यवसाय बिअर बनवणे, राहणार चिंचवड, आज पुनावळे येथे बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी स्मृती शाबूत आहे, बुद्धी ठिकाणावर आहे आणि जीभही. आज सकाळीच दुसऱ्या टाकीतला माल चाखून तो आणखी थोडा मुरू द्या असे सांगून आले आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. ज्यांनी आणून पाहिले त्यांची हकिगत पुढे येईलच. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. मलाही काळजी नाही, पण माझ्यामागे कोणाला अंदाज बांधत बसावे लागू नये, म्हणून हा खटाटोप.

व्यवसायाच्या जागी आमच्या वकील ॲडव्होकेट करिष्मा यांनी आधी ‘उद्योजिका’ असे टाइप केले होते. ते मी खोडायला लावले. जे करते तेच लिहावे. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी आणून दाखवले तर ते माझे नव्हे.

कलम १ : माझी माणसे

माझे माहेर औसा, जिल्हा लातूर, आणि सासरही त्याच पट्ट्यातले. लग्नानंतर आम्ही पिंपरीला आलो. माझे पती सदाशिव आधी भोसरीत आणि नंतर चाकणला स्टेनलेस स्टीलच्या टाक्या जोडायचे. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. पिंपरीतल्या एका औषध कंपनीच्या आंबवण विभागात मी माझे सगळे तरुणपण घालवले. तिथे आम्ही बुरशी वाढवून औषध काढत होतो. म्हणजे नवरा टाकी बनवणारा आणि बायको टाकीत काय होते ते बघणारी. करोनाच्या आदल्या वर्षी सदाशिव गेले. आम्हाला दोन मुले. मोठा मिहिर हिंजवडीत नोकरीला आहे. धाकटी ऋता माझ्याबरोबर धंद्यात आहे. माझे कायदेशीर वारस हे दोघेच.

कलम २ : चिंचवडचे घर

हे घर आतल्या सामानासह मिहिरला मिळावे. ऋताने याला आनंदाने होकार दिला आहे. स्वयंपाकघरातला मोठा ओटा तोडायचा असेल तर खुशाल तोडावा, मी वरून बघणार नाही.

कलम ३ : औशाचे शेत

सदाशिवच्या वाटणीचे जे शेत माझ्या नावावर आहे ते माझे धाकटे दीर शेखर बिराजदार यांना द्यावे. त्यांना वाटेल वहिनीला वेड लागले. म्हणून कारण लिहिते.

आमच्या घराण्यात दारूचे नाव काढत नाहीत. मी बिअरचा कारखाना काढला तेव्हा शेखरभाऊजींनी आमच्या घरी पाणी पिणे सोडले. सदाशिवच्या दिवसाला ते औशाहून आले, हात जोडून उभे राहिले आणि पंगत बसताना म्हणाले, “वहिनी, ह्या पैशाचं अन्न आम्हाला जाणार नाही.” आणि उपाशीच गाडीत बसले. त्या दिवशी मी रडले नाही, पण विसरलेही नाही.

मात्र आमच्या ज्वारीच्या बिअरला मी पहिल्यापासून औशाचीच ज्वारी घेते. लातूरच्या अडत्याकडून येणाऱ्या मालात भाऊजींच्या शेतातली ज्वारी असते आणि ती सर्वांत गोड असते, हे मला दाण्यावरून कळते. त्यांना हे पुढे कळले, तरी त्यांनी ज्वारी द्यायची थांबवली नाही. यावरून मी जे समजायचे ते समजले. शेत त्यांचेच आहे. अट एकच : पुनावळ्याला यावे, बसावे आणि पाणी प्यावे. फक्त पाणी.

कलम ४ : हत्यारे

सदाशिवचे आर्गन वेल्डिंगचे मशीन, ग्राइंडर, पाने आणि मोजमापाची सगळी हत्यारे ‘गुरुवारच्या मंडळीं’ना द्यावीत. ही मंडळी कोण, ते वकिलांना माहीत नव्हते, म्हणून खुलासा करते. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. सदाशिवने पहिल्या वर्षीच चाकण-भोसरीच्या ओळखीच्या फिटर-वायंडर लोकांना सांगितले की गुरुवारी हत्यारे घेऊन आमच्या अंगणात या. सोसायट्यांमधले लोक बिघडलेले मिक्सर, पंखे, सायकली घेऊन यायला लागले. दुरुस्ती फुकट, बदल्यात एक ग्लास पाजायचा. कोणी बिअर पाजते, कोणी सरबत. यातून दोन लग्ने जमली आहेत आणि एक फिटर भाड्याची खोली सोडून, ज्याचा पंखा त्याने दुरुस्त केला त्याच्याच सोसायटीत राहायला गेला आहे. अंगणातली बाके आणि ट्रे याच मंडळींनी चाकणला येणाऱ्या मशिनांच्या पाइनच्या खोक्यांपासून केले. ती बाके विकू नयेत. डगमगली तर त्यांनाच हाक मारावी.

कलम ५ : ‘आंबवण’ कशी उभी राहिली

कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा मी पंचावन्नची होते. घरी बसून मी सदाशिवचे डोके खायला लागले. एका संध्याकाळी सहज म्हणाले, आपल्याकडे इतके नवे लोक राहायला आलेत, कोणी चांगली ताजी बिअर इथेच बनवली तर?

सदाशिवने ताट बाजूला सारले. “काय बोलायलीस? कोणी म्हणजे कोण?”

“मी.”

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “टाकी मी करतो, आंबवायचं तू बघ. दोघांना मिळून एवढंच तर येतंय आपल्याला.” धंद्याचे नाव त्यातूनच आले.

जागा पुनावळ्याला मिळाली, धोंडीबा रानवडे यांची. हायवेलगत त्यांचा म्हशींचा गोठा आणि शेजारी रिकामी शेड होती. तेव्हा पुनावळे हे गाव राहिले नव्हते आणि शहरही झाले नव्हते. एकीकडे जुनी घरे, दुसरीकडे वीस मजल्यांच्या इमारती, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांशी फक्त पार्किंगवरून बोलत. परवाना मिळायला वेळ लागला, पण रीतसर मिळाला. बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आपल्या भागात होत नाही, तो बाहेरून आणावा लागतो. बाकीचे मात्र मी हट्टाने इथले घेतले : मावळचा इंद्रायणी तांदूळ, औशाची ज्वारी, डोंगरातली करवंदे आणि जांभळे, गवती चहा. उरलेला चोथा धोंडीबाच्या म्हशींना. त्यावर म्हशी खूश, म्हणून धोंडीबा खूश.

टाक्या बसल्या, पहिला माल आंबायला लागला, आणि त्याच आठवड्यात शालनबाई आल्या.

शालनबाई रानवडे (पुनावळ्यात निम्मे गाव रानवडेच) या गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांचे मालक दारूने गेले. हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्यांच्यामागे गटातल्या पंधरा-वीस बाया होत्या आणि हातातल्या पिशवीत मोठे पितळी कुलूप.

“टाळं आनलंय,” त्या म्हणाल्या. “तुमी लावता का आमी लावू?”

मी म्हटले, “आधी आत येऊन बघा. मग लावा.”

त्या आल्या. सगळ्या टाक्या पाहिल्या, वास घेतला, नाक मुरडले. मग माझ्याकडे वळून सरळ विचारले, “ह्यानं मानूस मरतं का?”

सदाशिव माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “रोज नि बेसुमार प्यायला तर मरतं.”

“आन तरी तुमी बनवता?”

“बनवते. आणि कुणी मरेल इतकं देणार नाही.”

“असं समदेच म्हनत्यात,” शालनबाई म्हणाल्या. “माझा मालक जिथं पीत व्हता, तिथं त्याला कुनी एकदा बी न्हाई म्हनलं न्हाई. मी त्या दारात जाऊन पाया पडले. तरी न्हाई म्हनलं न्हाई.”

एवढे बोलून त्या माल्टच्या पोत्यावर बसल्या. मीही शेजारच्या पोत्यावर बसले. बाया दारात उभ्याच होत्या. मी विचारले, “शालनबाई, मी न्हाई म्हणायला तयार आहे. कोणाला आणि कधी, ते तुम्ही सांगा.”

त्यावर आमचा वाद झाला, घासाघीस झाली, चहा झाला. ठरले ते असे : कोणालाही दोन ग्लासांवर तिसरा द्यायचा नाही, मग तो कोणी असो. दुकान रात्री लवकर बंद करायचे. आणि कोणत्याही घरच्या बाईने येऊन सांगितले की ह्यांना देऊ नका, तर त्या माणसाला बिअर मिळणार नाही, आणि का म्हणून तिला विचारायचे नाही. ही तिसरी अट ऐकून सदाशिव म्हणाले, “चित्रा, धंदा बुडतोय बघ.” शालनबाई मात्र कुलूप पिशवीत ठेवून निघाल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, “बगू.”

कलम ६ : अटींची परीक्षा

पहिले नाव आले ते कोणाचे, तर धोंडीबाचे. त्यांची मालकीण भर दुपारी आली आणि म्हणाली, “आमच्यांना देऊ नगा. डाक्टरनं बंद सांगितलीया.” आणि गेली.

संध्याकाळी धोंडीबा नेहमीसारखे बाकावर येऊन बसले. मीच गेले त्यांच्यासमोर.

“धोंडीबा, आजपासून तुम्हाला नाही.”

“मला?” त्यांना आधी थट्टाच वाटली. “बाई, जागा माझी हाय.”

“जागा तुमचीच आहे.”

“माझ्या जागंत मलाच न्हाई? उद्याच्या उद्या शेड खाली करा मंग!”

काउंटरमागे सदाशिवच्या हातातला ग्लास तसाच राहिला. जागा गेली असती तर टाक्या कुठे नेल्या असत्या, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. तरी मी म्हणाले, “खाली करते. पण आज नाही म्हणजे नाही.”

धोंडीबा उठून गेले. महिनाभर त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. आम्ही दुसरी जागा शोधत होतो. चोथा रोज त्यांच्या गोठ्यात पोचवत होतो, त्यात मात्र खंड पडू दिला नाही. मग एक दिवस ते आले, आपल्या नेहमीच्या बाकावर बसले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, “ते करवंदाचं हाय न्हवं, बिनदारूचं? ते द्या.”

सदाशिवने मोठा ग्लास भरून नेला. धोंडीबा प्याले, तोंड पुसले, म्हणाले, “बरं हाय. वाईच मीठ पायजे.” आम्ही मीठ घातले आणि खरोखर चव उघडली. आज आमच्याकडे त्या करवंदाच्या पेयाचे नावच ‘धोंडीबा’ आहे. सोसायट्यांमधली शाळकरी पोरे आईबापांबरोबर येतात आणि ओरडून मागतात, “एक धोंडीबा!” मूळ धोंडीबा शेजारच्या बाकावर बसून मिशीत हसत असतात. भाड्याचा करार त्यांनी पुढे स्वतःहून वाढवून दिला.

तर या तीन अटी म्हणजे ‘आंबवण’चा पाया आहे. माझ्यानंतर जो कोणी चालवेल त्याने यातली एकही मोडू नये. मोडल्यास कलम ८ प्रमाणे मिळालेला त्याचा हिस्सा बाकीच्या हिस्सेदारांकडे जाईल.

कलम ७ : श्री. दिग्विजय यांस

समोरच्या इमारतीच्या सोसायटीचे सचिव श्री. दिग्विजय यांना मी आमचा एक नवा टी-शर्ट ठेवत आहे. माप मोठे घ्यावे.

या टी-शर्टचीही गोष्ट आहे. बिल्डरांनी जाहिरातीत पुनावळे हा शब्दच काढून टाकला होता. कोणी ‘वाकड ॲनेक्स’ लिही, कोणी ‘हिंजवडी एक्स्टेन्शन’. नव्या लोकांना गावाचे नाव सांगायची लाज, आणि जुन्या लोकांना आपले गाव कोणी पळवून नेल्यासारखे वाटे. बिअरची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून ऋता म्हणाली, आपण आपले नाव नकोच छापायला, गावाचे छापू. बचत गटाच्या बायांनी शिवले, दापोडीच्या एका गल्लीत छपाई झाली. छातीवर फक्त एवढेच : ‘मु. पो. पुनावळे’. पहिला गठ्ठा दोन दिवसांत संपला. घेणारे निम्मे गावातले, निम्मे टॉवरमधले. एकदा चाकणच्या गेटवर शिफ्ट सुटताना दोन अनोळखी माणसांनी एकमेकांच्या छातीवरची अक्षरे वाचली आणि पुढे बसमध्ये एका बाकावर बसून आली. हे त्यांनीच मला सांगितले. त्या दिवशी मी कारखान्यात पगारवाढ झाल्यावरही झाले नव्हते इतकी खूश झाले.

मे महिन्यातला ‘करवंदाचा रविवार’ही तेव्हाच सुरू झाला. डोंगरातून टेम्पो येतो, अंगणात ताडपत्र्या पसरतात आणि सगळे मिळून करवंदे निवडतात. चिकाने बोटे चिकटतात, कोणालाच मोबाइल हातात धरता येत नाही. गप्पा मारण्यावाचून इलाज नसतो.

दिग्विजय यांना हे सगळे खपले नाही. गर्दी, गाड्या, संस्कृती असे मुद्दे काढून त्यांनी आमचा परवाना रद्द करावा अशी तक्रार केली. उत्पादन शुल्क खात्याच्या साहेबांपुढे सुनावणी लागली. तक्रारीला त्यांनी एक जुना अर्ज जोडला होता : शालनबाईंच्या बचत गटाने अगदी सुरुवातीला केलेला, दारूचा कारखाना नको असा. कोणाकडून मिळवला देव जाणे. “गावातल्या महिलांचाही तीव्र विरोध आहे,” असे त्यांनी साहेबांपुढे वाचून दाखवले. अर्ज खरा होता. सदाशिव तेव्हा हयात नव्हते. मी आणि ऋता शेजारी-शेजारी बसलो होतो.

साहेबांनी विचारले, “या शालनबाई कोण?”

शालनबाई मागे बसल्या होत्या. आपण होऊन, बस बदलत आल्या होत्या. उठून पुढे झाल्या.

“ही सही तुमची?”

“व्हय. माजीच.”

“म्हणजे विरोध आहे?”

“व्हता,” शालनबाई म्हणाल्या. “साहेब, मी टाळं घिऊन गेले व्हते हिच्या दारात. मालक दारूनं गेला माझा. हिला मी तीन गोष्टी सांगितल्या. जागंच्या मालकालाच हिनं पयल्यांदा न्हाई म्हनलं. त्यो हिला हाकलाया निगाला, तरी न्हाई म्हनलं. ह्या साहेबांना इचारा,” असे म्हणून त्यांनी दिग्विजयकडे बोट केले, “त्यांच्या मंडळींनी बी एकदा येऊन नाव सांगितलंय. मंग ह्यांची तक्रार कशाची हाय, ते समजून घ्या.”

दिग्विजय यांचा चेहरा पडला. साहेबांनी मान खाली घालून काही तरी लिहिले.

“माझा अर्ज मी मागं घेती,” शालनबाई पुढे म्हणाल्या. “पर एक ल्ह्या. ज्या दिशी ही बाई न्हाई म्हनायची थांबंल, त्या दिशी मी पुन्ना अर्ज करनार.”

तक्रार निकाली निघाली. बाहेर आल्यावर मी त्यांचे हात धरायला गेले. त्यांनी हात सोडवून घेतले. “माझ्यावर उपकार समजू नगा,” म्हणाल्या. “मी माझ्या कामासाठी आले व्हते.”

दिग्विजय यांच्यावर माझा राग नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या पत्नी दर मे महिन्यात करवंदे निवडायला येतात आणि त्यांचा हात सगळ्यांत चपळ आहे. त्यांच्याकडे बघून टी-शर्ट देत आहे. त्यांच्या गेटवर अजूनही ‘वाकड ॲनेक्स’ अशी पाटी आहे. निदान घरात तरी खरा पत्ता असावा.

कलम ८ : ‘आंबवण’चा वारसा

गेल्या वर्षी एका मोठ्या मद्य कंपनीने ‘आंबवण’चे नाव आणि कृती विकत मागितल्या. निरोप मिहिरमार्फत आला, कारण तिथे त्याचा मित्र आहे. दोन तरुण अधिकारी आले, सगळे चाखले, बाकांचे फोटो काढले, टी-शर्ट घेतले. मग म्हणाले, मॅडम, ही गावाची गोष्ट आम्ही दहा शहरांत नेऊ. फक्त तो दोन ग्लासांचा नियम तेवढा चालणार नाही.

ते गेल्यावर मिहिर म्हणाला, “आई, वेडेपणा करू नकोस. आंबवण म्हणजे काय, चार टाक्या आणि एक नाव. नावाला किंमत आहे तोवर घेऊन टाक. तुझं वय झालं.”

“टाक्या आणि नाव त्यांना दिलं,” मी म्हणाले, “तर गुरुवारी पंखे घेऊन लोकांनी कुठं जायचं? त्या कंपनीच्या हेड ऑफिसात?”

“तू प्रत्येक गोष्टीत भावना आणतेस.”

“मी आयुष्यभर आंबवत आले, मिहिर. टाकी सगळ्यांना मिळते, माल्ट सगळ्यांना मिळतो. आतला जीव उचलून दुसरीकडे नेला की तो तोच राहत नाही, हे मी कारखान्यात हजार वेळा पाहिलंय.”

तो चिडून निघून गेला. बरेच दिवस फोन नव्हता. पण करवंदाच्या रविवारी टेम्पोवाला आला नाही, तेव्हा ऋताने त्याला फोन केला, आणि तो एक शब्दही न बोलता स्वतः मावळात जाऊन टेम्पो घेऊन आला. संध्याकाळी काळ्या पडलेल्या बोटांनी माझ्याशेजारी बसला. म्हणाला, “आई, विकू नकोस. पण तुझ्यानंतर माझा नि ऋताचा वाद नको. सगळं लिहून ठेव.” हे मृत्युपत्र त्याच्या सांगण्यावरून होत आहे, हे त्याच्या नावावर जमा राहावे.

त्यानुसार : धंद्यातील माझ्या मालकीपैकी निम्मा हिस्सा ऋताला. पाव हिस्सा इथे काम करणाऱ्या सर्वांना मिळून. उरलेला पाव हिस्सा कस्तुरा रानवडे हिला (ती कोण, ते पुढच्या कलमात). परवान्यावर वारसाचे नाव लावण्याची रीतसर परवानगी ऋताने घ्यावी. नाव कोणालाही विकू नये. दुसऱ्या गावात कोणाला असे काही काढायचे असेल तर त्यांना कृती फुकट सांगावी, पण नाव त्यांनी आपल्या गावाचे लावावे आणि फळ आपल्या डोंगरातले घ्यावे.

कलम ९ : विरजण

आमचे यीस्ट, ज्याला आम्ही घरात विरजण म्हणतो, ते मी मावळच्या करवंदांच्या सालीवरून वेगळे काढले आहे. कारखान्यात शिकलेली सगळी विद्या त्यात लावली आणि बऱ्याच वेळा हरल्यावर ते साधले. असे विरजण दुसऱ्या कोणाकडे नाही. ते मी कस्तुराला देते.

कस्तुरा ही शालनबाईंची सून. टाक्या धुवायला म्हणून आली. आज माल कधी लावायचा आणि कधी काढायचा हे तीच ठरवते. चोथा वाळवून, दळून, त्याचे खमंग धपाटे करून तिने अंगणात विकायला काढले. मला वाटले मीच तिला लातूरकडचे धपाटे शिकवीन, तिने मलाच शिकवले की त्यात गवती चहाची पात बारीक चिरून घालतात. विरजण लहरी आहे. थंडीत रुसते, उन्हाळ्यात उतावीळ होते. कस्तुरा त्याला ‘सासूबाई’ म्हणते, आणि शालनबाई समोर असल्या तर जरा मोठ्याने म्हणते.

कलम १० : माझ्या मागे

विधी मिहिरला योग्य वाटतील ते करावेत. जेवण अंगणातच व्हावे, बाकांवर, आणि धपाटे असावेत. त्या दिवशी बिअर कोणालाही देऊ नये. रडून प्यायलेली बिअर मला पसंत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दार उघडावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी ॲडव्होकेट करिष्मा यांना नेमत आहे.

कलम ११ : साक्षीदारांविषयी

हे कलम मुळात नव्हते, आज सकाळी घालावे लागले.

कस्तुराला दिलेला पाव हिस्सा मी आधी शालनबाईंच्या नावे लिहिला होता. वाचून दाखवला तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “आन सही कोन करनार?”

वकील म्हणाल्या, “दोन साक्षीदार लागतात. पण ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असा माझा सल्ला आहे.”

“म्हंजी हिस्सा घेतला तर सही न्हाई?”

“नाहीच केलेली बरी.”

शालनबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. “मंग हिस्सा कस्तुराला द्या. त्वा लिव्हलंय त्ये खरं हाय, ह्ये सांगायला मी पायजे.” इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या.

मी म्हणाले, “शालनबाई, विचार करा. हा हिस्सा लहान नाही.”

त्या म्हणाल्या, “दारू गाळनारीची साक्ष द्यायला माझ्यासारखी बाई हुबी ऱ्हायली, ह्यापरीस मोठं तुला काय पायजे?”

मला खरोखर यापेक्षा मोठे काही नको. मी आयुष्यात जे काही कमावले त्याची वाटणी वर झाली आहे. ही एक गोष्ट मात्र मी कोणाला देऊ शकत नाही, ती माझ्याजवळच राहील.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी केली.

स्थळ : ‘आंबवण’चे अंगण, मु. पो. पुनावळे
दिनांक : १५ मे २०२५, गुरुवार

लिहून ठेवणार :
(सही) चित्रा सदाशिव बिराजदार

साक्षीदार :

१. (सही) शालनबाई रानवडे, राहणार पुनावळे. व्यवसाय : शेती, अध्यक्ष, महिला बचत गट.

२. (सही) डॉ. स्वरूपा देशपांडे, राहणार चिंचवड. लिहून ठेवणाऱ्यांना मी आज तपासले असून त्या पूर्ण शुद्धीवर व आनंदात आहेत.